पाचाचे आठ किलोमीटर करू का?

प्रश्न : वय ४६, उंची १६२ सेंटिमीटर. राहते डोंबिवलीत, नोकरी मुंबईत बँकेत. गेल्या ऑक्टोबरात एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, 'मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, वजन उतरवा.' दिवाळी झाल्यावर मनावर घेतलं. रोज पहाटे सव्वापाचला उठून ५ किलोमीटर चालणं, आल्यावर २४ सूर्यनमस्कार, साखर बंद, रात्रीचा वरणभात बंद. पाच महिन्यांत ७८ वरून ७१ किलोवर आले आणि तिथेच अडकले. नऊ आठवडे झाले, सकाळ-संध्याकाळ वजन करते, काटा ७०.५ ते ७१.५ यांच्यातच घुटमळतोय. एक दिवस खाडा नाही. खाण्यातही काही गडबड नाही. नवरा म्हणतो, 'शरीराला सवय झाली, व्यायाम वाढव.' चालायला येणाऱ्या मैत्रिणी म्हणतात, रात्रीचं जेवणच सोड. नणंद वजन उतरवायच्या इंजेक्शनाबद्दल सांगत असते. मला ६२ वर यायचंय. पाचाचे आठ किलोमीटर आणि २४ चे ४८ नमस्कार करायची तयारी आहे, त्यासाठी साडेचारला उठेन. पण रात्री झोपायलाच साडेअकरा होतात आणि ऑफिसातून आल्यावर आत्ताच पायांत त्राण नसतं, सोफ्यावरून उठवत नाही. काय करू?

ता. क. भाचीच्या लग्नासाठी एप्रिलच्या सुरुवातीला शिवलेले ब्लाउज मेच्या अखेरीस दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच आत घ्यावे लागले. काटा मात्र ढिम्म!

(पत्र थोडक्यात दिलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.)

उत्तर :

नमस्कार,

तुमचा ताजा कलम मी दोनदा वाचला. अख्ख्या पत्रात कामाची माहिती तिथे आहे आणि तुम्ही ती जाता जाता, काट्यावरचा राग काढायला लिहिलीत. एप्रिलच्या सुरुवातीला तुम्ही ७१ किलोच्या होतात, मेच्या अखेरीसही ७१ किलोच्याच. तरी शिंप्याला दोन्ही बाजूंनी टाके घालावे लागले. ब्लाउज हा काही वैद्यकीय पुरावा नव्हे, कबूल. पण वजन तेवढंच आणि माप कमी, याचा अर्थ त्या आठवड्यांत शरीरात काहीच घडलं नाही असा होत नाही. चरबी थोडी उतरली असेल, स्नायू थोडे भरले असतील, त्यात पाणी धरलं गेलं असेल. घरातल्या काट्याला चरबी, स्नायू, पाणी, सकाळची न झालेली शौच हे सगळं सारखंच. तो नुसती बेरीज दाखवतो.

म्हणून पहिली विनंती अशी, की दिवसातून दोनदा काट्यावर उभं राहणं थांबवा. आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं, पाळी जवळ आली, ऑफिसात कुणाच्या निवृत्तीचा समोसा खाल्ला, की पाण्याचंच किलो-दीड किलो इकडचं तिकडं होतं. आठवड्यातले तीन दिवस, सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी वजन घ्या आणि त्या तिन्हींची सरासरी लिहा. दोन आठवड्यांतून एकदा कंबर मोजा. खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप धरायचा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. (पोट आत न ओढता, हे मला वर्गात प्रत्येक वेळी दोनदा सांगावं लागतं.) चार आठवडे सरासरीही हलली नाही आणि कंबरही हलली नाही, तर वजन अडकलं म्हणायचं. दोन आठवड्यांत काटा हलला नाही म्हणून मला लिहिणाऱ्या सगळ्यांनाच हे सांगणं आहे. तुमचे नऊ आठवडे झाले, तेव्हा काहीतरी अडलंय हे मी मान्य करते, पण ते तुम्हाला वाटतं तेवढं नाही.

आता ते ६२. हा आकडा कुठून आला हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण उंची १६२ आहे म्हटल्यावर अंदाज बांधता येतो. सेंटिमीटरमधल्या उंचीतून शंभर वजा करायचे, झालं आदर्श वजन. हा हिशेब पॉल ब्रोका या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शल्यविशारदाच्या नावावर आहे. त्याची खरी ख्याती मेंदूतलं वाचेचं केंद्र शोधल्याबद्दल. डोंबिवलीतल्या ४६ वर्षांच्या बाईने किती किलोचं असावं, यावर त्याचं मत शेवटचं मानायचं कारण नाही. बीएमआयने, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती या मोजपट्टीने, बघायचं तर ७८ किलोला तुमचा आकडा साधारण २९.७ होता, आज २७ आहे. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. गंमत म्हणजे ६२ वर पोचलात तरी तुमचा बीएमआय २३.६ भरतो, म्हणजे या मोजपट्टीप्रमाणे तुम्ही 'जादा वजना'तच! आपल्याकडे चरबी पोटात साठते, म्हणून कंबर जास्त बोलकी. बायकांसाठी तिची मर्यादा ८० सेंटिमीटर आहे. तुमची किती आहे, हे पत्रात कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, आणि मला तीच जास्त खटकली. तुम्ही हे सगळं सुरू केलंत ते ६.१ मुळे. त्यानंतर वजन किती वेळा केलंत त्याला गणती नाही. एचबीएवनसी पुन्हा केलंत का? ७८ मधले ७ किलो म्हणजे जवळपास ९ टक्के. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांहून अधिक लोकांवर एक मोठा अभ्यास झाला, २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात जीवनशैली बदलणाऱ्या गटापुढे ध्येय होतं ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. तुम्ही हे ध्येय केव्हाच ओलांडलंय. आपल्याकडे चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने असाच अभ्यास केला, तो २००६ मध्ये आला. तिथे आहार-व्यायाम सुधारलेल्यांमध्ये मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी कमी झालं आणि त्यांचं वजन म्हणावं तसं उतरलंही नव्हतं. काटा जागचा न हलता चालण्याचा फायदा रक्तात दिसू शकतो, तो असा. तेव्हा 'मी नऊ आठवडे वाया घालवले' हा सूर आधी सोडा.

तरी वजन अडलं का, हा प्रश्न उरतोच. नवरोबा म्हणतात 'सवय झाली'. त्यात तथ्य आहे, पण थोडंच.

तुमचा गेल्या पाच महिन्यांचा हिशेब उलटा मांडून पाहू. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० उष्मांक. पाच महिन्यांत सात किलो, म्हणजे रोजची तूट सरासरी साडेतीनशेच्या आसपास. आता शरीर हलकं झालं, की ते चालवायला इंधनही कमी लागतं. बसून राहायला कमी, चालायला कमी, जिना चढायला कमी. केव्हिन हॉल अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असताना त्यांच्या गटाने केलेल्या मोजणीनुसार उतरलेल्या प्रत्येक किलोमागे रोजचा खर्च २० ते ३० उष्मांकांनी घटतो, आणि त्याच प्रत्येक किलोमागे भुकेची ओढ रोज साधारण १०० उष्मांकांनी वाढते. तुमच्या सात किलोंमागे खर्चच १४० ते २१० नी कमी झाला. साडेतीनशेतले निम्मे इथेच संपले, तुमची काडीची चूक नसताना. उरलेले निम्मे कुठे गेले? थोडे ताटात गेले असतील, त्याकडे येऊच. आणि थोडे त्या सोफ्यावर.

'संध्याकाळी सोफ्यावरून उठवत नाही' हे तुम्ही थकव्याची तक्रार म्हणून लिहिलंत, पण तो हिशेबातला खर्चकपातीचा रकाना आहे. पहाटे जास्त दमलेलं शरीर उरलेल्या दिवसात गुपचूप काटकसर करतं. आधी तुम्ही उभ्या उभ्या कणीक मळायचात, फोनवर बोलताना येरझारा घालायचात, आता ते सगळं बसून होतं. हर्मन पाँट्झर या मानववंशशास्त्रज्ञाने टांझानियातल्या हाड्झा लोकांचा रोजचा उष्मांकखर्च मोजला. हे लोक शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगतात, रोज मैलोन्‌मैल चालतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मोजणीत, शरीराचं आकारमान जमेस धरल्यावर, त्यांचा एकूण खर्च बैठी कामं करणाऱ्या अमेरिकनांएवढाच निघाला. चालणं वाढवलं की जळणं त्याच प्रमाणात वाढतं, हे गृहीतच कच्चं आहे.

या पार्श्वभूमीवर तुमचे आठ किलोमीटर पाहा. ७१ किलोच्या माणसाला तीन किलोमीटर जास्त चालून साधारण शंभर उष्मांक जास्त लागतात. दोन मारी बिस्किटं आणि साखर घातलेला अर्धा कप चहा. त्यासाठी पस्तीस-चाळीस मिनिटं जाणार, ती झोपेतून येणार. साडेअकराला पाठ टेकून साडेचारला उठायचं म्हणजे पाच तास. शिकागो विद्यापीठातला २०१० चा एक छोटा प्रयोग यासाठी मला फार महत्त्वाचा वाटतो. दहाच माणसं होती, पण प्रयोगशाळेत ठेवून, मोजून खाऊ घातलेली. तीच माणसं, तोच कमी आहार. दोन आठवडे अंथरुणात साडेआठ तास, दोन आठवडे साडेपाच तास. दोन्ही वेळा वजन सारखंच उतरलं, तीन किलोंच्या आसपास. पण पुरेशा झोपेच्या पंधरवड्यात त्यातली चरबी १.४ किलो होती आणि अपुऱ्या झोपेच्या पंधरवड्यात फक्त ०.६. बाकीचं बरंचसं वजन चरबी सोडून इतर ऊतींचं गेलं. तुमची झोप आजच पावणेसहा तासांची आहे. ती आणखी कापून केलेला कुठलाही व्यायाम मला नको.

म्हणजे आठ किलोमीटर नाही आणि ४८ नमस्कारही नाहीत.

सूर्यनमस्काराबद्दल वाकडं लिहिलं की पत्रांचा पाऊस पडतो, म्हणून स्पष्ट करते. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी शाळाशाळांत नेलेला हा व्यायाम उत्तमच आहे, मी स्वतः शिकवते. पण त्यात भार एकच, तुमच्या शरीराचा, आणि तोही सात किलोंनी कमी झालाय. पहिल्या महिन्यात २४ नमस्कारांना धाप लागत होती, आज तुम्ही ते मनात डब्याची भाजी ठरवत घालत असाल. शिवाय त्यात ढकलणं आहे, वाकणं आहे, पण काही ओढणं किंवा उचलणं नाही. पाठीला आणि दंडांच्या पुढच्या बाजूला फारसं काम मिळत नाही. ४८ केलेत तर हे बदलणार नाही, तेच जास्त वेळ होईल. जुन्या तालमीतला वस्तादही पोराला महिनोन्‌महिने तेवढ्याच बैठकांवर ठेवत नसे. आकडा वाढे, मग गदा, मग करेल (जड मुद्गल) हाती येई. तुमच्या व्यायामात गेले सात महिने भार वाढलेलाच नाही.

तर मी सुचवते ते असं. मंगळवारी आणि शुक्रवारी चालणं बंद. त्या ऐवजी घरात पस्तीस मिनिटं वजनं उचलायची. जिम लावायला हवी असं नाही, स्वयंपाकघर पुरतं. पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून खुर्चीवर बसायचं आणि उठायचं. बसताना धप्पकन नाही, तीन मोजत. ओट्याच्या कडेला हात टेकून जोर काढायचे. ओटा सोपा वाटायला लागला की पलंगाची कड, मग जमीन. मग एक हात खुर्चीवर टेकून पुढे वाकायचं, दुसऱ्या हातात पाण्याच्या दोन-दोन लिटरच्या दोन बाटल्या घातलेली पिशवी धरायची आणि कोपर मागे नेत ती कमरेपर्यंत ओढायची, जशी विहिरीतून कळशी ओढतात तशी. सॅकमध्ये डाळीची पाकिटं भरून ती जमिनीवरून उचलायची, पाठ सरळ, ढुंगण मागे, जोर मांड्यांचा. शेवटी दोन्ही हातांत भरलेल्या बाजाराच्या पिशव्या घेऊन पॅसेजमध्ये ताठ चालायचं, मिनिटभर. चालणं सोडून प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, मध्ये मिनिट-दीड मिनिट थांबून तीन फेऱ्या. श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा.

यातला कळीचा मुद्दा एकच, शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. बाराव्या वेळीही गप्पा मारता येत असतील तर पिशवीत एक किलोचं पाकीट वाढवायची वेळ झाली. वहीत लिहून ठेवा, बँकेतल्या माणसाला हे सांगायला नको. 'बाईच्या जातीला एवढं वजन कशाला', 'दंड पुरुषासारखे होतील' असं कुणीतरी म्हणेलच. चाळिशीनंतर आणि विशेषतः पाळी जाण्याच्या सुमारास बायकांचे स्नायू आणि हाडं दोन्ही झपाट्याने झिजतात. पुरुषासारखे दंड येणं सोडा, आहेत ते टिकवायलाच मेहनत लागते. आणि वजन उतरवताना नुसतं चालत राहिलं, तर उतरलेल्या किलोंमध्ये स्नायूंचाही वाटा असतो.

एक इशारा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत काटा अर्धा-एक किलो वर जाऊ शकतो. नव्या कामाने दुखावलेले स्नायू पाणी धरतात. त्या वेळी घाबरून पुन्हा आठ किलोमीटरकडे वळू नका.

चालणं उरलं सोमवार, गुरुवार, शनिवार आणि रविवार. त्यातले पहिले तीन दिवस अंतर विसरा, घड्याळ बघा. पाच मिनिटं सावकाश, मग तीन मिनिटं झपाझप, तीन मिनिटं सावकाश, अशा पाच जोड्या, शेवटी पुन्हा पाच मिनिटं सावकाश. झाली चाळीस मिनिटं. झपाझप म्हणजे किती? सात-पंधराची लोकल फलाटावर दिसतेय आणि तुम्ही अजून पुलावर आहात तितकं, पण धावायचं नाही. त्या तीन मिनिटांत एखादं वाक्य बोलता यावं, किस्सा सांगता येऊ नये. ही पद्धत जपानमधल्या शिन्शू विद्यापीठातल्या हिरोशी नोसे यांच्या गटाची. साठीच्या आसपासच्या माणसांना त्यांनी पाच महिने, आठवड्यातून चार किंवा जास्त दिवस असं चालवलं. एकाच गतीने चालणाऱ्या गटापेक्षा या मंडळींच्या मांड्यांची ताकद आणि दमसास जास्त वाढला, रक्तदाबही जास्त उतरला. रविवारी मात्र मैत्रिणींबरोबर तुमचे जुने ५ किलोमीटर, गप्पा मारत, आणि घरी आल्यावर २४ नमस्कार. सोमवार ते शनिवार चालायचे दिवस आणि वजनांचे दिवस मिळून बुधवार रिकामा राहतो. बुधवारी झोपा.

यात सकाळचे एकूण तास कमी झालेत, मी मोजलेत. ते भरून काढायला रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारा, दुपारी डबा खाल्ल्यावर दहा मिनिटं पाय मोकळे करा आणि स्टेशनवर सरकत्या जिन्याकडे पाठ फिरवा. जेवणानंतरचं चालणं साखरेसाठी तसंही फार कामाचं, कारण नुकतंच रक्तात आलेलं ग्लुकोज पायांचे स्नायू ओढून घेतात. आणि ज्या दिवशी चाळीस मिनिटांतच आटोपतं, त्या दिवशी गजर पावणेसहाचा. वाचलेला अर्धा तास डब्याला देऊ नका, तो झोपेचा आहे. डब्यातली एक भाजी रात्री चिरून ठेवायचं काम घरातला दुसरा कुणीतरी करू शकतो. 'व्यायाम वाढव' असा सल्ला देणाऱ्या माणसाला हे सांगायला हरकत नसावी.

आता ताट. 'खाण्यात काही गडबड नाही' हे वाक्य मला प्रत्येक पत्रात भेटतं आणि लिहिणारा प्रामाणिकच असतो. न्यूयॉर्कमधला १९९२ चा एक गाजलेला अभ्यास आहे. 'आम्ही १,२०० सुद्धा खात नाही, तरी वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या माणसांची पक्की मोजणी केली, तर ती सांगत होती त्याच्या जवळपास दुप्पट खात होती, आणि व्यायाम प्रत्यक्षातल्यापेक्षा दीडपट सांगत होती. खोटं कुणी बोलत नव्हतं. नोंदच राहत नाही हो. तळताना तोंडात टाकलेलं भजं, मुलाने ताटात टाकलेली अर्धी पोळी, चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी जिचा उपवास म्हणून हिशेबच धरत नाहीत. मी उष्मांक मोजायला लावणार नाही. चार दिवस, त्यातला एक रविवार, तोंडात जे जाईल ते त्याच क्षणी फोनमध्ये लिहा. चार दिवस पुरे.

आणि तेलाचा डबा. घरात चार माणसं आणि महिन्याला चार लिटर तेल लागत असेल, तर माणशी रोज तेहतीस मिलिलिटरच्या आसपास होतं, म्हणजे जवळपास २७० उष्मांक नुसते फोडणीतून. नव्या महिन्यात तीन लिटरच आणा. घरात कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि माणशी रोज साठ-सत्तर उष्मांक कमी झाले. तीन किलोमीटर जास्त चालण्यापेक्षा स्वस्त.

ताटातून काढण्याबद्दल यापेक्षा जास्त मी सांगणार नाही, उलट एक वस्तू परत आणायची आहे. तुम्ही 'रात्रीचा वरणभात बंद' केलात. भात गेला त्याचं मला फारसं दुःख नाही, पण त्याच्याबरोबर वरणही गेलं! सकाळी पोहे, दुपारी पोळीभाजी, रात्री सूप आणि भाजी. यात प्रथिनं शोधायला भिंग लागेल. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात, म्हणजे तुम्हाला ६० ग्रॅमच्या घरात, आणि वजन उतरवताना, वजनं उचलताना थोडी जास्तच. सकाळी पोह्यांबरोबर दोन अंडी घ्या, बारा ग्रॅम तिथेच आले. डब्यात मटकी, चवळी नाहीतर हरभऱ्याची उसळ मोठी वाटीभर. रात्री घट्ट वरण किंवा पन्नास ग्रॅम पनीर, आणि वाटीभर दही. अंडं खात नसाल तर सोयाबीनच्या वड्या, तीस ग्रॅममध्ये पंधरा ग्रॅम प्रथिनं मिळतात. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

मैत्रिणींचा रात्रीचं जेवण सोडायचा सल्ला यामुळेच मला पटत नाही. काटा पटकन हलेल, आठवडाभर सगळ्या खूश. मग रात्री अकराला फरसाणाचा डबा उघडला जाईल. नणंदेच्या इंजेक्शनाबद्दल थोडक्यात सांगते. मौंजारो आणि वेगोव्ही २०२५ पासून भारतात मिळतात, ती औषधं काम करतात, आणि काही जणांना त्यांची खरोखर गरज असते. तो निर्णय तुमचा आणि डॉक्टरांचा, माझ्या सदराचा नव्हे. एवढंच सांगते, की ती घेतानाही वजनं उचलावीच लागतात, कारण त्यांनी उतरणाऱ्या वजनातही स्नायू असतात.

एक पर्याय तुम्ही विचारलाच नाहीत, तो म्हणजे थांबणं. तीन महिने ७१ वर राहायचं ठरवायचं. आहार-व्यायामाच्या जवळपास सगळ्या अभ्यासांत वजन पहिले सहा महिने उतरतं, मग सपाट होतं आणि त्यानंतर अनेकांचं चढायला लागतं. नऊ आठवडे ते चढू दिलं नाहीत, याला तुम्ही अपयश म्हणताय. पुढे गणपती आहेत, मग दिवाळी. फराळाच्या दिवसांत ७१ ला ७१ राहिलात आणि दरम्यान पिशवीतले पाच किलो दहा झाले, तर मला तो ६८ पेक्षा चांगला निकाल वाटेल. तुम्हाला तसं वाटलंच पाहिजे असं नाही. पण ६२ च्या ऐवजी पुढचा टप्पा ६८ आणि कंबर तीन सेंटिमीटर कमी, एवढा ठेवून पाहा.

गुडघे दुखणाऱ्या वाचकांनी खुर्ची उंच घ्यावी आणि जिना तूर्त सोडावा. ज्यांचा रक्तदाब आटोक्यात नाही, छातीत दुखतं किंवा थोड्या चालण्याने भलतीच धाप लागते, त्यांनी यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. तुम्हीही नवी वेळापत्रकं लावण्याआधी एकदा जाऊन या. पाळी अनियमित झाली असेल तर सांगा, घोरत असाल तर सांगा (हे नवऱ्याला विचारा), काही गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी न्या, काहींनी वजन अडतं. थायरॉइडसाठी टीएसएच, हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व करायचं का ते विचारा. पायांत त्राण नसण्याचं कारण तिथेही सापडू शकतं. आणि एचबीएवनसी कराच. त्याला उपाशीपोटी जावं लागत नाही, त्यामुळे सुट्टी टाकायची गरज नाही. दुसऱ्या शनिवारी बँक बंद असते, चालून झालं की नाश्ता करून जाऊन या.